‘मी’ म्हणणारी बाई

‘न घ्यावी. लेखिका सालगडी ठेवण्याच्या पद्धतीचं उघड समर्थन करते. ही कथा छापली तर आपणही त्या पापात सामील होऊ.’

एवढं लिहून मी खाली सही ठोकली आणि एकोणीस नंबरची कथा शकुंतलाबाईंच्या टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “कागदावर कशाला राग काढायलीस?”

“वाचा तुम्हीच. अंगाची आग झाली माझ्या.”

“चहा घेते आणि वाचते,” बाई म्हणाल्या. “आग झालेली कथा उपाशीपोटी वाचू नये.”

मी नांदेडच्या एका छोट्या प्रकाशनात संपादन सहायक आहे. बारावीची गाइडं छापून आमचं ऑफिस चालतं आणि त्या जिवावर मालक कदम सर वर्षातून दोन-चार मनासारखी पुस्तकं काढतात. त्या वर्षी त्यांनी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कॉलेजच्या मुलांकडून कथा मागवल्या होत्या. त्यातल्या बारा कथांचं पुस्तक निघणार होतं. कथेवर फक्त नंबर, लिहिणाऱ्याचं नाव-गाव वेगळ्या बंद पाकिटात. आडनाव बघून कुणी पारडं झुकवू नये म्हणून ही अट मीच घालायला लावली होती, आणि त्यासाठी कदम सरांशी तासभर भांडले होते.

शकुंतलाबाई आमच्या प्रूफरीडर. औशाच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाल्या आणि मुलाच्या बदलीमुळे नांदेडला आल्या. कागदोपत्री त्यांचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघण्याचं. पण ऑफिसातली कुठलीही फाइल त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय प्रेसला जात नाही. असा नियम कुणी केलेला नाही, तरी सगळे पाळतात.

प्रत्येक कथेला एक अभिप्रायाचा तक्ता जोडायचा असतो. त्यात चौकटी असतात. कथानक, म्हणजे काय घडलं आणि कशामुळे घडलं. पात्रं, म्हणजे हे ज्यांच्या बाबतीत घडलं ती माणसं. संघर्ष, म्हणजे कुणाला काय हवंय आणि त्याला काय आडवं येतंय. वातावरण, म्हणजे कुठलं गाव, कुठला काळ. आणि निवेदक, म्हणजे ही गोष्ट आपल्याला कोण सांगतंय. कॉलेजात मी या सगळ्या व्याख्या गाइडातून पाठ केल्या होत्या, आणि आता तीच गाइडं मी छापते. निवेदकाची चौकट भरायला मला तीन सेकंद लागायचे. कथेत ‘मी’ असेल तर प्रथमपुरुषी, ‘तो’ किंवा ‘ती’ असेल तर तृतीयपुरुषी. झालं, पुढची चौकट.

एकोणीस नंबरच्या कथेचं नाव होतं ‘घरचा माणूस’. एका शेतकरी घरातली मालकीण त्यांच्या सालगड्याबद्दल सांगते. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात आणि गोठ्यात राबणारा माणूस. पाडव्याला बोली ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो त्या घरचा. कथेतला हरी असाच, दलित वस्तीतला. मालकीण म्हणते, आम्ही त्याला कधी परकं मानलं नाही. त्याचं ताट वेगळं ठेवलंय, पण ते त्याला लगेच सापडावं म्हणून. तो गोठ्यात झोपतो, पण ते त्याला जनावरांजवळच झोप लागते म्हणून. हरीच्या मुलीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागतो आणि पाडव्याला हरी सांगतो, यंदा मी राहत नाही, पोरीपाशी जातो. मालकिणीला फार वाईट वाटतं. एवढं केलं आणि हा निघाला, म्हणते. शेवटी तिच्यासमोर प्रश्न पडतो, हरीचं ताट आता कुठं ठेवावं? ‘आपल्या भांड्यांत तर ठेवता येत नाही,’ ती म्हणते, ‘म्हणून अजून गोठ्यातच आहे.’ कथा संपली.

ते ‘तर’ वाचून मी उठूनच उभी राहिले होते.

माझं घर हदगावचं. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पुस्तिका जास्त. आठ पानी, सोळा पानी, पिनांनी टाचलेल्या. सभा असली, मेळावा असला, जयंती असली की वडील सतरंजीवर त्या मांडून बसायचे आणि मी शेजारी बसून वाचायचे. अक्षरओळख मला बाराखडीनं झाली, पण वाचायला मी पत्रकांवर शिकले. पत्रकात भानगड नसते. बोलणारा आपल्या नावानिशी बोलतो. कुणासाठी बोलतोय आणि कुणाविरुद्ध, ते पहिल्या ओळीत कळतं. खाली सही असते, पत्ता असतो. ‘मी’ म्हणणारा माणूस त्या ‘मी’ची जबाबदारी घेतो. मला आजही ही फार प्रामाणिक लेखनपद्धत वाटते.

अर्ध्या तासानं बाईंनी हाक मारली.

“सुजाता, इकडं ये. ही लेखिका आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे?”

“पाकीट तर बंद आहे. नाव कुणाला माहीत नाही. तू लिहिलंयस, लेखिका समर्थन करते.”

“बाई, कथेत बाईच बोलतेय ना.”

“कथेत बाई बोलतेय. लिहिणारा दाढीवाला पोरगा असंल. उदगीरचा असंल, बिलोलीचा असंल.” बाईंनी तक्ता माझ्यासमोर सरकवला. “निवेदकाच्या चौकटीत काय लिहिलंस?”

“प्रथमपुरुषी.”

“ते मला दिसायलंय. मी विचारते कोण? ही बाई कोण आहे, तिला काय माहीत आहे, ती काय लपवते, काय तिला स्वतःलाच कळत नाही?”

“ती काहीच लपवत नाही. बिनधास्त सांगतेय. लाज नाही त्या बाईला.”

“बघ, आता तू ‘त्या बाईला’ म्हणालीस. आत्तापर्यंत ‘लेखिकेला’ म्हणायलीस.”

बाईंनी मधलं पान काढलं. “‘मी त्याला परकं मानलं नाही’ हे तीनदा आलंय. तिला कुणी विचारलंय?”

“नाही.”

“घरी कुणी आल्या आल्या, न विचारता, तीन वेळा म्हणालं की मी डब्यातले लाडू खाल्ले नाहीत, तर तू काय समजशील?”

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “बाई, हे मला कळलं. पण वाचणाऱ्याला कळेल का? वाचणारा म्हणेल, बघा, किती चांगली मालकीण. जे लोक असं वागतात त्यांना हे प्रशस्तिपत्रक वाटेल. मग सरळ का लिहू नये?”

“मग लिही सरळ,” बाई म्हणाल्या. “पहिलं पान घे आणि जिथं ‘मी’ आहे तिथं ‘मालकीण’ कर. बाकी शब्द बदलू नकोस. जेवायच्या सुट्टीपर्यंत आणून दे.”

हे आमच्या कामातलं एक जुनं हत्यार आहे. कथा अडली की सांगणारा बदलून बघायचा. त्याला ‘दृष्टिकोन बदलणं’ म्हणतात. घर तेच राहतं, फक्त खिडकी बदलते. मी बसले आणि लिहिलं. ‘मालकिणीनं हरीचं ताट वेगळं ठेवलं होतं. ते त्याला लगेच सापडावं म्हणून, असं ती सांगायची.’ ‘हरी गोठ्यात झोपायचा. त्याला जनावरांजवळच झोप लागते, असं मालकीण म्हणायची.’ पान भरलं. हात भराभरा चालत होता, कारण असं लिहिण्याची माझी सवय जन्मापासूनची.

मग मी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली.

माझं पान खरं होतं. एक शब्द खोटा नव्हता. आणि दुसऱ्या ओळीत सगळं संपलं होतं. मालकीण वाईट आहे हे कळलं, पुढं वाचायचं काही उरलंच नाही. शिवाय हे पान कुणाच्या हातात टिकेल, ते मला दिसलं. आमच्या घरात टिकेल, माझ्या मित्रांत टिकेल. पण त्या कथेतल्यासारख्या घरात? तिथं पहिल्या ओळीलाच पान मिटलं जाईल. एकोणीस नंबरचं पान मात्र त्या घराच्या दारातून सरळ आत गेलं असतं, पाट घेऊन बसलं असतं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत कुणाला उठून जाता आलं नसतं. आम्ही इतकी वर्षं ज्या दाराबाहेर उभं राहून घोषणा दिल्या, त्या दारातून एक कॉलेजचं पोर नुसतं ‘मी’ म्हणून आत शिरलं होतं. मी थक्क झाले.

अशा निवेदकाला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, आणि लिहिणाऱ्यालाही तेच हवं असतं. ही व्याख्या आमच्या गाइडात आहे. मी तिची प्रूफं दोनदा वाचली होती.

मी तक्त्यावर ‘न घ्यावी’ खोडलं. ‘घ्यावी’ लिहिलं. पण लगेच खाली एक ओळ घातली: ‘शेवटी बदल आवश्यक.’

कारण माझी एक शंका जात नव्हती. ‘गोठ्यातच आहे’ म्हणून गोष्ट संपते आणि हरीला एक शब्द बोलायला मिळत नाही. मला ते सहन होईना. मी स्वतःच शेवटी एक परिच्छेद लिहिला. हरी पाडव्याच्या दिवशी दारात उभा राहतो आणि मालकिणीला सगळं सुनावतो. पंधरा ओळी. सांगायला हरकत नाही, फार चांगल्या ओळी होत्या.

कदम सरांना त्या आवडल्या. “हे बरं केलंस. नाहीतर लोक म्हणले असते, प्रकाशक मालकिणीच्या बाजूचा. शनिवारी यादी प्रेसला जायलीय. घालून टाक.”

“घालून टाक कसं?” बाई आपल्या टेबलावरून म्हणाल्या. “लेकराची कथा आहे. विचारावं लागतं.”

“बाई, स्पर्धेची कथा आहे. संपादनाचा अधिकार आपल्याकडं आहे.”

“ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. दुसऱ्याच्या तोंडी भाषण घालायचा नाही.” आणि माझ्याकडं वळून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, “तुझं पत्रक कुणी असं बदललं असतं तर तू ऑफिस डोक्यावर घेतलं असतंस.”

हे खरं होतं. सरांनी एकोणीस नंबरचं पाकीट फोडलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, मयूरी. गाव औशाजवळचं. आणि आडनाव वाचल्यावर कुठल्या घरातली, कुठल्या जातीची, ते विचारावं लागलं नाही. मुलगी शेतकऱ्याची, ज्यांच्या घरी सालगडी असतात त्या घरातली.

“बघा,” मी म्हणाले. “मी म्हटलं होतं ना, तिकडचीच आहे.”

“अंदाज बरोबर आला तुझा,” बाई म्हणाल्या. “पण अभिप्राय चुकला होता. आता फोन लाव.”

मी फोन स्पीकरवर ठेवला. मुलगी आधी घाबरली, मग कथा निवडली म्हटल्यावर “खरंच का?” असं तीन वेळा म्हणाली. मी तिला माझा परिच्छेद वाचून दाखवला. आवाज लावून वाचला.

“मॅडम,” ती म्हणाली, “लई भारी लिहिलंय तुम्ही. पण ते नका घालू.”

“का? हरीला बोलू द्यायचं नाही का?”

“तो बोलत न्हाई वो मॅडम. बोलला असता तर मला ही गोष्ट लिहायचं काम पडलं नसतं.”

कदम सरांनी पेन खाली ठेवलं.

ती पुढं बोलत राहिली. आता तिची भीती गेली होती. “आन् मला हे आईला वाचायला द्यायचंय. हातानं लिहिलेलं दिलं की आई म्हणती, रिकामे धंदे करायलीस. छापलेलं असलं की बसून वाचती. तुमचं भाषण आलं की तिला कळंल, आपल्यालाच बोलायलेत. तिथंच पुस्तक मिटवंल. तिनं शेवटपर्यंत वाचावं म्हणूनच मी तसं लिहिलंय. न्हाई तर लिहिलंच नसतं.”

“म्हणजे ही तुझ्या आईची गोष्ट आहे?” मी विचारलं.

“न्हाई. आमचा गडी अजून घरीच हाय, त्याला पोरगी न्हाई, दोन पोरं हायत. ते पाडव्याचं मी रचलंय. पण आई अशीच बोलती.” मग जरा थांबून, “आई वाईट न्हाई, मॅडम.”

“पण तिला कळलं तर?” सरांनी मध्येच विचारलं. “घरात वांदे होतील तुझे. टोपणनाव घालू का?”

“टोपणनाव नको सर. माझंच छापा. आईला कळायलाच पाहिजे, कुणी लिहिलं ते.”

फोन ठेवला. मी माझा परिच्छेद कॉम्प्युटरवरून काढून टाकला. मी पत्रकांवर वाढले आणि स्वतःला धीट समजते. पण पत्रक मी नेहमी आपल्या माणसांत उभी राहून वाचलंय. ही एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, जिच्या हातचं रोज जेवते तिच्यासमोर ते वाचणार होती, आणि तेही तिच्याच आवाजात. कथा जशीच्या तशी गेली. मात्रा-वेलांटीपलीकडे बाईंनीही काही बदललं नाही.

पुस्तक आलं. लातूरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. कदम सर, शकुंतलाबाई आणि मी, तिघंही गेलो. मुलांच्या हातात त्यांच्या-त्यांच्या प्रती आठवडाभर आधीच टपालानं गेल्या होत्या. त्यामुळं मयूरीची आई आली असेल तर तिनं वाचलेलं असणार, हे मला माहीत होतं. मी हॉलमध्ये उगाच इकडंतिकडं करत होते.

चहाच्या वेळी मयूरी एका काठापदराच्या साडीतल्या उंच बाईंना घेऊन आली.

“तुम्हीच का त्या फोनवाल्या मॅडम?” मयूरीच्या आईनं विचारलं.

“हो.”

“पोरीला बोलायला लई शिकवलंय म्हणायचं कॉलेजात.”

“आम्ही काही शिकवलं नाही. तिनं आम्हाला शिकवलं.”

“हाव का?” त्या हसल्या नाहीत. “म्या वाचली. पहिल्यांदा वाचली तवा म्हणलं, चांगली बाई हाय की. घरातलं बघती, गड्याचं बघती. माझ्यावानीच. मंग शेवटाला आले आन् ठेवलं पुस्तक. दोन दिवस हिच्याशी बोलले न्हाई.”

मयूरी खाली बघत होती.

“मंग परत घेतलं वाचायला,” आई म्हणाली. “म्हणलं बघू तरी, कुठं चुकली ती बाई. तर मॅडम, एक गोष्ट हाय. हरीच्या बायकोचं नाव त्या बाईनं सगळ्या गोष्टीत एकदा बी घेतलं न्हाई. शेण काढाया येती, धान निवडाया येती, आन् हिच्या तोंडी नुस्तं ‘हरीची बायको, हरीची बायको’. ध्यानात आलं का तुमच्या?”

नव्हतं आलं. माझ्या नाही, कदम सरांच्या नाही. मी शकुंतलाबाईंकडं बघितलं. त्यांनी हळूच मान हलवली. त्यांच्याही नाही.

“मंग मला बी आमच्या गड्याच्या बायकोचं नाव आठवंना,” आई म्हणाली. “किती वर्सं झाली ती येती. आठवायला नाव माहीत तर पाहिजे आधी.”

“मग?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“मंग काय. इचारलं तिला. ती बी बघतच राहिली, मालकिणीला आज काय झालं म्हणून.” आता त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. “सुमन नाव हाय.”

एवढं बोलून त्या चहाचा कप ठेवायला गेल्या. त्यांच्या घरात पुढं काय बदललं, काय नाही, मला माहीत नाही. एका कथेनं सालगड्याची बोली मोडत नाही, हे मला कळतं. त्यासाठी पत्रकं लागतात, मोर्चे लागतात, आणि ते मी सोडलेलं नाही.

नांदेडला आल्यावर मी तक्ता काढून बघितला. पात्रांच्या चौकटीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मालकीण, हरी, हरीची मुलगी. शेण काढणारी, धान्य निवडणारी बाई कथेत चार वेळा आलेली, आणि मी तिला पात्रसुद्धा धरलं नव्हतं. मालकिणीनं निदान ‘हरीची बायको’ म्हणून तिचा उल्लेख तरी केला होता.

तेव्हापासून मी कुठल्याही कथेवर पहिल्या वाचनात शेरा लिहीत नाही. आधी कोण बोलतंय ते बघते, मग कुणाबद्दल बोलत नाही ते बघते. यात दोन दिवस जास्त जातात आणि कदम सर यादीसाठी मागं लागतात. लागू देत.